तिकिटांची गोधडी

बेबी शनिवारी दुपारी आली ती थेट जेवणाच्या टेबलापाशी गेली आणि हातातली पिशवी खांद्यावर तशीच ठेवून म्हणाली, "वहिनी, आधी टेबल पूस. कोरडं फडकं घे हं."

"अगं बाई, पाणी तरी प्या," वहिनी म्हणाली.

"पिते गं. पाण्याचा थेंब पडला तर आठ आठवडे वाया जातील माझे."

सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला घरात अजून बेबीच म्हणत. पडद्यांच्या दुकानात ती कापड कापायची. तिथे तिच्या कात्रीला सगळे वचकून असत, पण माहेरच्या दारात पाऊल टाकलं की ती धाकटी होऊन जायची. तिनं टेबलावर जुनी चादर अंथरली आणि कागदात गुंडाळलेली वस्तू हलक्या हातानं उलगडली.

गोधडी लहानशी होती, भिंतीवर लावायची. दोन वीत रुंद आणि तेवढीच उंच. तिच्यावर पोस्टाची नऊ तिकिटं होती, सगळी कापडाची. दीपगृह, बगळा, वाफेचं इंजिन, मासा, गलबत, पिंपळाच्या पानासारखं एक पान. प्रत्येक तिकिटाची कड दातेरी कात्रीनं कापलेली, खाली पांढरं जाड कापड, त्यामुळे तिकीट नुकतंच पाकिटावरून भिजवून सोडवलंय असं वाटत होतं. अजून फक्त वरचा थर झाला होता. आत कापूस, मागे अस्तर आणि तिन्ही थर धरून ठेवणारा धावदोरा बाकी होता.

"अप्पा कुठायत?"

"बाल्कनीत. बोलावते."

"थांब. त्यांनी 'हं' म्हटल्याशिवाय मी अस्तर लावणार नाही. नंतर उसवायचं म्हणजे तिन्ही थर उसवायचे."

ते वहिनीला ठाऊक होतं. अप्पांचा 'हं' या घरात सगळ्यांनाच ठाऊक होता. छापखान्यात उभी हयात त्यांनी शाया मिसळल्या होत्या. मशीनमधून निघालेला पहिला कागद अप्पा उजेडात धरायचे, आणि त्यांनी 'हं' म्हटलं की मशीन सुरू व्हायचं, नाही म्हटलं की मालकसुद्धा गप्प बसायचा. तिकिटांचा नादही त्यातलाच. चित्रापेक्षा छपाई बघायला ते तिकिटं जमवायचे. उद्या दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये तिकीट मंडळाचं प्रदर्शन होतं. मंडळातले सगळ्यांत जुने सभासद म्हणून अप्पांच्या अल्बमशेजारी ही गोधडी लागायची होती.

अप्पा आले. खुर्ची चाचपून बसले. गोधडीवर वाकले, मान जराशी तिरकी केली.

"छान झालंय," ते म्हणाले.

"छान काय, अप्पा! मी काय शाळेतली पोर आहे? रंग बघा ना. दीपगृहामागचा निळा बघा. त्याच्यावरच माझा जीव अडकलाय."

अप्पा बराच वेळ वाकून राहिले. वहिनी दारातच उभी होती. तिनं हातातलं फडकं पिळलं, ते कोरडं होतं तरी.

"जरा गडद हवा," अप्पा म्हणाले.

"गडद? मी तिकिटाचा फोटो शेजारी ठेवून जुळवलाय. खिडकीच्या उजेडात."

"फोटोत कधी रंग खरा उतरतो का?"

हे वाक्य बेबी लहानपणापासून ऐकत आली होती. छोट्या कात्रीचं टोक घालून तिनं एकेक टाका तोडायला सुरुवात केली.

दादा डेपोतून घरी आला तेव्हा दुसरा निळा लागून झाला होता. एसटीच्या वेळापत्रकात मिनिटाचा फरक पडला तर त्याला झोप यायची नाही, असा माणूस. त्यानं चपला जागेवर ठेवल्या, बहिणीच्या डोक्यावर टपली मारली आणि टेबलापाशी उभा राहिला.

"बेबे, उद्या चार वाजता प्रदर्शन आहे, आणि तू आज उसवत बसलीयस?"

"अप्पांना निळा पटत नाहीये."

"मग बरोबरच असेल त्यांचं. आपल्याला काय कळतंय."

"आता बघा अप्पा," बेबीनं तुकडा पुढे सरकवला.

अप्पांनी पुन्हा मान तिरकी केली. "हा... हा अजून फिकाच आहे. आणि तो लाल जरा भडक वाटतोय."

"कुठला लाल?"

अप्पांचं बोट क्षणभर हवेत थांबलं. "तोच तो. इंजिनाचा."

इंजिन हिरवं होतं. लाल होती ती माशाची शेपटी. बेबीला वाटलं, अप्पांची बोलण्यात चूक झाली. तिनं माशाची शेपटीही उसवायला घेतली.

कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत आत्या होती, अप्पांची थोरली बहीण. डोळे मिटून होती, पण झोपली नव्हती. ती म्हणाली, "अगं, एवढं उसवून उसवून कापडाची चाळणी करशील. त्यापेक्षा चहा करा कुणीतरी."

वहिनी स्वयंपाकघरात गेली. पातेलं गॅसवर ठेवलं, पण गॅस पेटवला नाही.

औषधांच्या दुकानात ती काउंटरवर बसायची. पाचेक महिन्यांपूर्वी अप्पा तिथे आले होते, घरी न सांगता, दोन गिऱ्हाइकांच्या मागे रांगेत उभे राहून. "डोळ्यात घालायचं काहीतरी दे," असं तिला म्हणाले होते, जणू ती परकी. डॉक्टरांकडे तिनंच नेलं. डोळ्याच्या आतला पडदा मधोमध झिजलाय, डॉक्टरांनी सांगितलं. चष्मा बदलून उपयोग नाही. इंजेक्शनांनी झीज थोपवता येईल, गेलेलं परत येणार नाही. कडेची नजर मात्र राहील. बाहेर पडताना अप्पांनी तिच्याकडून शब्द घेतला होता: "घरात मी सांगेन. मला सांगावंसं वाटेल तेव्हा." तेव्हापासून दर महिन्याला सासरा आणि सून बूट घ्यायला जात होते. घरात एकही नवा बूट आला नाही, आणि दादानं कधी विचारलं नाही.

बाहेरून कात्रीचा बारीक आवाज येत होता. कट. कट.

ती मागच्या बाजूनं बाल्कनीत गेली. अप्पा तिथे येऊन उभे राहिले होते. तिनं दार लोटून घेतलं.

"अप्पा, ती तिसऱ्यांदा उसवतेय."

"दिसतंय मला."

"नाही दिसत."

शब्द तोंडातून गेला आणि तिची तिलाच भीती वाटली. लग्न होऊन आली तेव्हापासून ती असं कधी बोलली नव्हती. अप्पांनी कठड्यावर हात ठेवला.

"पहिला निळा कसा होता?" त्यांनी विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं. पण मी तुमचा अल्बम उघडून बघितला. मला तरी सारखाच वाटला."

"आणि इंजिन?"

"हिरवं आहे, अप्पा."

अप्पा खाली रस्त्याकडे बघत राहिले. रस्त्याच्या दोन्ही कडांची झाडं त्यांना दिसत होती. मधली माणसं नव्हती. छापखान्यात अधूनमधून तपासायला साहेब यायचे, ज्यांना रंगातलं ओ की ठो कळायचं नाही. असे साहेब कधीच 'छान' म्हणायचे नाहीत. 'जरा गडद करा' म्हणायचे. खोट काढली की माणूस जाणकार वाटतो. अप्पा आणि मशीनवरची पोरं त्यांच्या पाठीमागे पोट धरून हसायची. आज अप्पांच्या तोंडून तेच वाक्य आलं होतं, आणि समोर पोटची पोर बसली होती.

"तिचं काम चुकीचं ठरू नये असं वाटलं गं," ते म्हणाले. "उगीच हो म्हटलं आणि उद्या चार लोकांत कुणी म्हणालं, अप्पांच्या पोरीचा निळा चुकला..."

"तिचं काम, की तुमचं नाव?"

अप्पा म्हणाले, "दोन्ही असेल."

"मी नाही सांगणार. शब्द दिलाय. पण ती चौथ्यांदा उसवायला बसली तर मी त्या खोलीत येणार नाही. मला नाही बघवत."

ती आत गेली आणि तिनं गॅस पेटवला.

"अप्पा, हा शेवटचा," बेबी म्हणाली. तिनं केस मागे सारले तसा कपाळाला एक निळा धागा चिकटला. "याच्यापेक्षा गडद निळा आमच्या दुकानात नाही. यानंतर फक्त काळा उरलाय."

अप्पा बसले. वाकले नाहीत. हात टेबलावर ठेवले.

"बेबे, मला तो निळा दिसत नाही."

"म्हणजे? अजून फिका वाटतोय?"

"दिसत नाही म्हणजे दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही मला. टेबलाच्या चारी कडा दिसतात, मधे तुझी गोधडी आहे तिथे धुकं आहे. तू पहिला लावला होतास तोही मी बघितला नव्हता."

दादा पेपर वाचत होता. त्यानं पेपर खाली ठेवला. "कधीपासून?"

"झाले काही महिने. बूट घ्यायला म्हणून सूनबाई मला डॉक्टरांकडे नेते."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"वहिनीला माहीत होतं?" बेबीचा आवाज अगदी हळू होता. "आणि मला नाही? मुलगी मी आहे ना यांची?"

"अगं, आपण एका खोलीत राहतो," दादा बायकोला म्हणाला. "एका ताटलीत खारे दाणे खातो रोज. तू मला एका शब्दानं..."

"अहो, मी काय करायला हवं होतं?" वहिनीनं ट्रे ठेवला. कपातला चहा बशीत सांडला. "त्यांनी शब्द घेतला माझा. मोडला असता तर तुम्हीच म्हणाला असता, माझ्या बापाचा शब्द हिनं मोडला."

"तिला बोलू नका," अप्पा म्हणाले. "तिला मी बांधून घातली होती."

"मला तर केव्हाच कळलं होतं," आरामखुर्चीतून आवाज आला.

"तुला कुणी सांगितलं?" अप्पांनी दचकून विचारलं.

"सांगायला कशाला हवं? जन्मभर माझ्या कपड्यांना नावं ठेवलीस. अक्का, हा रंग तुला शोभत नाही, अक्का, ही काय निवड. म्हणून मुद्दाम एकदा हिरव्यावर जांभळं घालून आले. तू म्हणालास, छान दिसतेस. दुसऱ्यांदा पिवळ्यावर गुलाबी. पुन्हा छान!"

"मग बोलली का नाहीस, आत्या?" दादानं विचारलं.

"कशाला बोलू? पहिल्यांदाच कुणीतरी छान म्हणत होतं."

दादाला हसू फुटलं. ते त्यानं दाबायचा प्रयत्न केला, मग वहिनीही तोंड फिरवून हसली. बेबी मात्र हसली नाही. तिनं तुकडे गोळा केले, गोधडी कागदात गुंडाळली आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

दादा थोड्या वेळानं तिचा चहा घेऊन गेला. दार नुसतं लोटलेलं होतं. ती पलंगाच्या कडेला बसली होती. शाळेत असताना गणितात नापास झाल्यावर बसायची तशी.

"वहिनीवर नको रागावूस," तो म्हणाला.

"तूच रागावला होतास आत्ता."

"हो. पण खरं सांगू? मला अर्धं कळलं होतं. गेले कित्येक दिवस अप्पा मला पेपर वाचायला लावतात. चष्मा आत राहिला म्हणतात, अक्षर बारीक आहे म्हणतात. चष्मा त्यांच्या खिशात दिसायचा मला. पण अप्पा मला काहीतरी वाचून दाखव म्हणतायत, हे मला इतकं आवडायला लागलं होतं की मी विचारलंच नाही. लहानपणी त्यांनी मला कधी जवळ बसवलं नाही गं. तू मांडीवर बसून भिंगातून तिकिटं बघायचीस, मी लांबून."

बेबीनं त्याच्याकडे पाहिलं. ही गोष्ट तो एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बोलला होता.

"माझा राग वहिनीवर नाही रे," ती म्हणाली. "मी आठवडाभर रोज फोन करायचे अप्पांना. बगळ्याचे पाय कुठल्या रंगाचे होते, गलबताच्या शिडात पिवळा किती होता. ते सांगायचे. इतकं नेमकं सांगायचे! चिमूटभर तपकिरी घाल, पण आंब्याच्या सालीसारखा नको. मला वाटायचं, समोर अल्बम उघडा ठेवून सांगतायत. आणि मी मूर्खासारखी..."

"समोर नव्हता ना अल्बम?"

"नसणारच. असता तरी काय दिसलं असतं..." ती थांबली.

दादानं कप तिच्या शेजारी ठेवला.

"सगळं आठवून सांगत होते," बेबी म्हणाली.

"चहा पी. गार होतोय."

तिनं चहा प्यायला नाही. कागद सोडवला, गोधडी मांडीवर पसरली आणि बगळ्याच्या पायांवरून अंगठा फिरवला. हे पाय तिनं फोटो बघून केले नव्हते. फोटोत ते करडे दिसत होते. अप्पांनी सांगितला तो रंग तिनं लावला होता. रात्री तिनं अल्बम काढून बघितला, तेव्हा खऱ्या तिकिटावर तो जुळला, आणि पहिला निळाही.

रविवारी सकाळी उजेड चांगला होता. टेबल खिडकीशी सरकवलं. बेबीनं अप्पांना तिरकं बसवलं, खांदा खिडकीकडे.

"पहिला निळा बरोबर होता का गं?" अप्पांनी विचारलं.

"होता."

"मग तोच लाव."

"नाही लावणार. अप्पा, अल्बममधलं तिकीट लोकांना अल्बममध्ये दिसेल. मला तुम्हाला दिसेल असं एक तरी हवंय यात. हा सगळ्यात गडद निळा तसाच ठेवते. शेजारी काय लावू ते तुम्ही सांगा."

"मी काय सांगणार?"

"तुम्हीच सांगणार. मी नुसती तुकडे धरते."

तिनं दीपगृहाच्या दिव्याच्या जागी एकेक तुकडा धरला आणि गोधडी अप्पांच्या नजरेच्या कडेला, कानाच्या बाजूला नेली. पिवळा धरला. अप्पांनी मान हलवली. पांढरा धरला. "विझतोय," ते म्हणाले. मग स्वतःशीच पुटपुटले, "गडद निळ्याशेजारी पिवळा हिरवट पडतो. नारिंगी आहे का तुझ्याकडे? लालाकडे झुकलेला. टोमॅटोसारखा नव्हे, जरा पिकायच्या आधीचा."

बेबीनं पिशवी उलटी केली. तुकड्यांच्या ढिगात दादानं हात घातला, आत्या खुर्चीतून उठून आली आणि तिलाच तो सापडला, पडद्याच्या झालरीचा उरलेला एक कोपरा.

"हा बघ," आत्या म्हणाली. "यावर जांभळं छान दिसेल."

"अक्का, नको," अप्पा म्हणाले.

बेबीनं नारिंगी तुकडा निळ्यावर धरला. अप्पा समोरच्या भिंतीकडे बघत होते. "थांब. हलवू नकोस. तिथे काहीतरी पेटलं."

बेबीनं श्वास रोखून टाचणी लावली.

नंतर काम भराभर झालं. कापूस पसरला, अस्तर जोडलं. धावदोरा घालायला दोन हात पुरेनात तेव्हा बेबीनं सुईत काळा दोरा ओवून वहिनीसमोर धरला.

"तिकिटांवर पोस्टाचा शिक्का हवा. गोल रेघ. ती तू घाल."

"मी? बेबीताई, मला बटण लावता येतं, तेवढंच. सगळं वाकडं जाईल."

"शिक्का वाकडाच असतो. पोस्टमन काय पट्टी लावून मारतो?"

वहिनीनं सुई घेतली. तिनं पहिले चार टाके घातले. मग बेबी हलक्या आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी डॉक्टर काय म्हणाले ते मला फोन करून सांगशील?"

"रात्रीच्या आत सांगेन."

"आणि बूट घ्यायला मलाही येऊ दे एकदा."

वहिनीला हसू आलं आणि बोटाला सुई टोचली. शिक्क्याची रेघ बगळ्याच्या मानेवरून घसरून थेट गलबतावर गेली. कुणी ती उसवली नाही.

वाचनालयाच्या हॉलमध्ये लांब टेबलांवर अल्बम मांडले होते आणि माणसं पाठीमागे हात बांधून वाकून वाकून बघत फिरत होती. गोधडी भिंतीवर, अप्पांच्या अल्बमच्या वर लागली होती. अप्पा तिच्या शेजारी उभे होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

तिकीट मंडळाचे सेक्रेटरी आले. बारीक मिशांचे, चौकस गृहस्थ. त्यांनी गोधडी बघितली, खाली अल्बम बघितला, पुन्हा गोधडी बघितली.

"वा! वा! पण अप्पासाहेब, एक विचारू का? दीपगृहाचं तिकीट तर फिक्या निळ्याचं आहे. हा एवढा गडद कसा? तुमच्यासारख्या माणसाच्या नजरेतून हे सुटणार नाही, म्हणून विचारतो."

आजूबाजूचे दोघं-तिघंही थांबले. बेबी पुढे व्हायला निघाली. दादानं तिच्या दंडाला हात लावला. वहिनीनं पिशवीचा बंद घट्ट धरला. अप्पांना सांगण्यासारखी उत्तरं पुष्कळ होती. शाईची दुसरी खेप, ओलसर कागद, उन्हानं उडालेला रंग. यातलं कुठलंही त्यांनी सांगितलं असतं तरी सेक्रेटरींनी ते वहीत लिहून घेतलं असतं.

"सुटलं ना नजरेतून," अप्पा म्हणाले. "मला आता मधलं दिसत नाही. कडेचं दिसतं. गडद निळ्यावर नारिंगी असला तर तेवढा दिसतो, म्हणून माझ्या मुलीनं तसा केलाय. सुनेनं शिक्का मारलाय. वाकडा आहे म्हणतात."

सेक्रेटरींची पंचाईत झाली. ते बुटांकडे बघायला लागले. "अरेरे. मला कल्पना नव्हती. मी उगीच..."

"उगीच काय? चांगलं विचारलंत." अप्पांनी तोंड जरा बाजूला वळवलं आणि तसेच थांबले. "आणि असे उभे राहा, हलू नका. आज पहिल्यांदा लक्षात आलं, तुमचा डावा कान फार देखणा आहे."

सेक्रेटरींचा हात आपोआप कानाकडे गेला. आत्या आधी हसली. मग बेबी इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला.